फर्नांडिस, लोपीस, गोन्साल्विस: शेवटच्या ‘-इस’चा अर्थ काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वसई, गोवा, मंगळूर, मुंबई आणि आता कॅनडा-ऑस्ट्रेलियातून पण हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः वसईचा लोपीस, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे. स्पॅनिश आडनावं ‘-एझ’ आणि पोर्तुगीज आडनावं ‘-एस’ अशी लिहितोय, म्हणजे मूळ स्पेलिंग लक्षात राहील. उच्चाराचं वेगळं प्रकरण आहे, ते प्रश्न ७ मध्ये.

१. फर्नांडिस या आडनावाचा अर्थ काय?

फर्नांदोचा मुलगा. एवढंच. पुढचं फर्नांद हे माणसाचं नाव आणि मागचं ‘-एस’ म्हणजे ‘चा’. लोपीस म्हणजे लोपोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा, नुनीस नुनोचा, एन्रिकिस एन्रिकचा, मार्क्स लिहितात ते पोर्तुगीज मार्केस म्हणजे मार्कोसचा. गावात म्हातारी माणसं पोराला थांबवून विचारतात ना, “कोणाचा रे तू?”, त्या प्रश्नाचं उत्तर या आडनावात आहे.

२. म्हणजे आपल्या ‘कर’ सारखंच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘कर’ गाव सांगतो, पाटणकर, वसईकर. ‘-एस’ बाप सांगतो. मराठीत त्याचं खरं जोडीदार आडनाव नाहीच, आपलं मधलं नाव आहे. पेशव्यांची नावं बघा: बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ (बल्लाळ म्हणजे बाळाजीच), त्यांचा मुलगा बाळाजी बाजीराव. घराणं भट, ते तसंच राहिलं, मधलं नाव मात्र दर पिढीला बदललं. स्पेन-पोर्तुगालमध्ये ‘-एझ/-एस’वालं नाव अगदी हेच काम करायचं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

३. मग आडनाव दर पिढीला बदलायचं? खरंच?

हो खरंच. स्पेनचा सगळ्यात गाजलेला योद्धा, ज्याला एल सिद म्हणतात, त्याचं नाव रोद्रिगो दियाझ. तो १०९९ मध्ये वालेन्सियात वारला. जुन्या वंशावळीत त्याचा पणजोबा नून्यो लाईनेझ, आजोबा लाईन नून्येझ, वडील दिएगो लाईनेझ आणि मग तो स्वतः रोद्रिगो दियाझ, दियाझ म्हणजे दिएगोचा. त्याच्या मुलाचं नाव काय असेल ओळखा... दिएगो रोद्रिगेझ. आजोबाचं नाव नातवाला, ही पद्धत पण आपल्यासारखीच. चार-पाच पिढ्या एकाच रक्ताच्या, पण आडनाव म्हणावं असं सगळ्यांत कॉमन काहीच नाही, कारण ते आडनाव नव्हतंच.

पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेस, त्याचा बाप एन्रिक. तिथे पण तोच हिशोब.

४. मुलींना पण ‘-एस’ लागायचं का, की वेगळं काही?

हेच लागायचं. आइसलँडमध्ये मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ असं वेगळं असतं तसं इथे नाही. एल सिदच्या मुली क्रिस्तिना रोद्रिगेझ आणि मारिया रोद्रिगेझ. त्याच्या बायकोचं नाव हिमेना दियाझ, आणि हे वाचून लोक मला लिहितात की बघा लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलं. तर नाही, तिच्या वडिलांचं नाव पण दिएगोच होतं. दोन वेगळे दिएगो. तिथे बाई लग्नानंतर बापाचंच नाव ठेवायची, आणि स्पेनमध्ये आजही बायका लग्न झालं म्हणून नाव बदलत नाहीत.

५. हा प्रत्यय आला कुठून? लॅटिनमधून?

सगळ्यात जास्त मान्यता असलेलं उत्तर हो असं आहे, पण शंभर टक्के मिटलेला वाद नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅटिनमध्ये आपल्यासारख्याच विभक्ती आहेत. रोद्रिगोचं लॅटिन कागदावरचं रूप रोदेरिकुस, आणि त्याची षष्ठी रोदेरिकी, म्हणजे रोदेरिकुसचा. दिएगोचं दिदाकुस, षष्ठी दिदाकी. आता बोलताना काय झालं, ‘की’चा पुढे ‘त्सी’ झाला (लॅटिनमधल्या ‘इ’च्या आधीच्या ‘क’चं बऱ्याच भाषांत असंच काहीतरी झालंय), शेवटचा ‘ई’ गळून पडला, आणि उरला ‘-इत्स’ किंवा ‘-अत्स’. जुन्या दानपत्रांत म्हणूनच दिदाझ, गुन्दिसाल्विझ अशी रूपं दिसतात. मग लोकांच्या कानाला सवय झाली की नावाच्या शेवटी हा आवाज आला की ‘चा’ समजायचं, आणि ज्या नावांत ‘इकुस’ कधी नव्हतंच, लोपे, सांचो, पेरो, त्यांना पण तो चिकटवायला सुरुवात झाली. लोपेझ, सांचेझ, पेरेझ. एखाद्या शब्दाचा तुकडा सुटून बाकीच्या शब्दांना लागू लागणं हे भाषेत नेहमीचं आहे.

मग वाद कुठे? एक तर दियाझमध्ये ‘अझ’, मुन्योझमध्ये ‘ओझ’, ओर्तिझमध्ये ‘इझ’, एवढे स्वर एका ‘-इकी’मधून कसे निघाले हे नीट जुळवता येत नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हा रोमन लोक यायच्या आधीच्या तिथल्या भाषेतला प्रत्यय असेल, आणि ते उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेकडे बोट दाखवतात. बास्कमध्ये तृतीयेचा प्रत्यय ‘-झ’ आहे. तिसरं मत गॉथिक भाषेच्या षष्ठीचं, कारण नावं बरीचशी गॉथ लोकांची आहेत (प्रश्न ६). मला स्वतःला लॅटिन षष्ठीचं मत पटतं, आणि बास्क सवयीचा त्याला हातभार लागला असेल असं वाटतं, कारण ही नावं सुरुवातीला जिथे जास्त दिसतात तो उत्तरेचा पट्टा बास्क भागाला लागूनच आहे.

६. फर्नांदो, रोद्रिगो ही नावं तरी कुठली? लॅटिन वाटत नाहीत.

बरोबर वाटतंय, ती जर्मानिक आहेत, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातली. रोमन साम्राज्य ढासळल्यावर तिथे व्हिसिगॉथ लोकांचं राज्य आलं, ते ७११ मध्ये संपलं, आणि शेवटच्या राजाचं नाव रोद्रिगोच होतं. रोद्रिगो = कीर्ती + सत्ता. त्यातला ‘रिक’ आणि आपला ‘राजा’ हे लांबचे भाऊ आहेत. आल्व्हारोमध्ये ‘सगळे’ आणि ‘राखणारा’. गोन्सालोमध्ये ‘लढाई’. सगळी लढवय्यांची नावं.

लॅटिनमधून आलेली पण आहेत. मार्तिन हा मार्स या युद्धदेवावरून, पेरो म्हणजे पीटर, दगड. आणि लोपे/लोपो म्हणजे लांडगा, लॅटिन लुपुस, संस्कृत वृकचा सख्खा नातेवाईक. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि घरी येऊन सगळ्यात आधी आजीला सांगितलं होतं की आपण लांडग्याची पोरं.

७. स्पॅनिशमध्ये झेड आणि पोर्तुगीजमध्ये एस, असं का? आणि उच्चार काय करायचा?

मुळात दोन्हीकडे एकच आवाज होता, ‘त्स/द्झ’सारखा. पुढे स्पॅनिशमध्ये झेडचा आवाज एसपासून वेगळा राहिला, म्हणून स्पेलिंग पण राहिलं. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी दोन्ही आवाज एक झाले, मग कोणी झेड लिही कोणी एस, आणि शेवटी एस पक्का झाला.

उच्चार: स्पेनच्या बहुतेक भागात शेवटी जीभ दातांत धरून ‘थ’सारखा, फर्नांदेथ. मेक्सिको, अर्जेंटिनात साधा ‘स’. आपण करतो तो ‘झ’ स्पॅनिशमध्ये कुठेच नाही! लिस्बनमध्ये शेवटी ‘श’ येतो, फर्नांदिश, आणि आधीचा ‘ए’ जवळजवळ गिळतात. आपला फर्नांडिस, लोपीसमधला ‘इ’ बघितला तर आपण पोर्तुगीज बोलण्याच्या बरेच जवळ आहोत, उगाच लाजून ‘लोप्स’ करायची गरज नाही.

अजून एक बारीक गोष्ट. स्पॅनिश फर्नांदेझमध्ये ‘आ’वर तिरकी रेघ असते, पोर्तुगीज फर्नांदेसवर नसते. जोर दोन्हीकडे ‘नां’वरच आहे, पण स्पॅनिशचा नियम असा की शब्द झेडने संपला तर जोर शेवटी धरायचा, तसा नसेल तर खूण करून दाखवायचं. पोर्तुगीजमध्ये ‘-एस’ने संपणाऱ्या शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्यावर असणं हेच नॉर्मल, म्हणून खूण नाही. आल्व्हारेसला मात्र पोर्तुगीजमध्ये पण खूण आहे, कारण तिथे जोर पहिल्या ‘आ’वर आहे.

८. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फर्नांडिस झेडने लिहितात. म्हणजे आम्ही मूळचे स्पेनचे?

नाही. जुन्या पोर्तुगीज कागदांतही झेड सापडतो (प्रश्न ७), आणि इंग्रज आमदानीत कारकुनाने जे लिहिलं ते पुढे चालू राहिलं. गोन्साल्विसचं पण तसंच, मूळ स्पेलिंगमध्ये सी खाली शेपटीवालं अक्षर आहे, ते इंग्रजी टाइपरायटरवर नव्हतं म्हणून इथे एस झाला. एका अक्षरावरून देश ठरवू नका.

९. दर पिढीला बदलायचं, मग थांबलं कधी?

एका दिवसात नाही थांबलं. मधल्या काळातलं एक नाव मला फार आवडतं, नुनो आल्व्हारेस परेरा, १३८५ च्या आल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालचा सेनापती. वडील आल्व्हारो गोन्साल्वेस परेरा, आजोबा गोन्सालो परेरा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, घराण्याचं नाव. हुबेहूब मराठी फॉर्म! शाळेच्या दाखल्यावर टाकलं तर कोणाला शंका येणार नाही.

आता एकशे पंधरा वर्षं पुढे या. १५०० मध्ये ब्राझीलला लागून पुढे कालिकतला आलेला पेद्रो आल्व्हारेस काब्राल, त्याच्या वडिलांचं नाव होतं फेर्नांव काब्राल. आल्व्हारो नाहीच. म्हणजे तोपर्यंत ‘आल्व्हारेस’ हे बापाचं नाव न राहता घरात चालत आलेलं नाव झालं होतं. त्यानंतर १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या, आणि नाव एकदा वहीत गेलं की ते घट्ट होत जातं. स्पेनमध्ये सरकारी नागरी नोंदणीचा कायदा १८७० चा, तेव्हापासून बदलायला वावच उरला नाही.

१०. वसई-गोव्यातल्या लोपीसांचा पूर्वज कोणी लोपो होता का? आमच्यात पोर्तुगीज रक्त आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात कधी अभिमान असतो कधी भीती, म्हणून सरळ सांगतो. बहुतेकांच्या बाबतीत नाही. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला, वसई त्यांना १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. या काळात जे ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळायचं. धर्मपिता पोर्तुगीज असला आणि तो लोपेस असला की झाला लोपीस. वर बघितलं तसं (प्रश्न ९) तेव्हा लोपेस हे नाव खुद्द त्या पोर्तुगिजाच्या घरात पण गोठलेलं होतं, त्याचाच बाप लोपो असेल याची गॅरंटी नाही. म्हणजे आपल्याकडे आलं ते आधीच रिकामं झालेलं भांडं.

फिलिपिन्समध्ये तर १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढून आडनावांची यादीच वाटली, त्यामुळे तिथल्या स्पॅनिश आडनावावरून रक्ताचा अंदाज बांधता येत नाही.

माझ्या रेशन कार्डावर माझं नाव आहे, मग पप्पांचं नाव, मग लोपीस. लहानपणी रॉकेलच्या रांगेत ते कार्ड हातात धरून उभा असायचो तेव्हा काही वाटायचं नाही. आता बघतो तेव्हा दिसतं की त्या एका ओळीत दोन बाप आहेत. एक माझा, आणि दुसरा कुठल्या तरी पोर्तुगीज खेड्यातला लोपो, ज्याच्याशी माझं काही नातं नाही, तरी त्याच्या पोराला कोणीतरी “कोणाचा रे तू?” विचारलं त्याचं उत्तर मी आजही सही करताना देतोय. मला याची खंत वाटत नाही. नाव चारशे वर्षं आमच्या वाडीत राहिलं, शेती केली, केळी लावली, ते आता आमचंच आहे.

११. डिसोजा, डिसिल्वा, परेरा, कार्व्हालो यांत हा प्रत्यय कुठे आहे?

कुठेच नाही. ती जागांची आणि झाडांची नावं. ‘द’ म्हणजे ‘चा’ पण गावाचा, ते खरे ‘कर’चे भाऊ. सिल्वा म्हणजे रान, परेरा म्हणजे नासपतीचं झाड, कार्व्हालो म्हणजे ओक. डि नंतरचं ते अपॉस्ट्रॉफी मात्र आपल्याकडचं, पोर्तुगालमध्ये तसं लिहीत नाहीत.

१२. डायस म्हणजे ‘दिवस’ असं डिक्शनरीत दिसतं. खरं काय?

पोर्तुगीजमध्ये ‘दियास’ म्हणजे दिवस हे बरोबर आहे, पण आडनावाशी संबंध नाही, तो योगायोग. डायस = स्पॅनिश दियाझ = दिएगोचा/दियोगोचा. १४८८ मध्ये आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडणारा बार्तोलोमेउ दियास याच नावाचा.

असे झिजलेले बरेच आहेत. वाझ हा वास्कोचा. आल्विस हे आल्व्हारिसचं झिजलेलं रूप. पिरिस आणि स्पॅनिश पेरेझ दोघे पेरोचे, म्हणजे पेद्रोचे. मार्टिन्सला ‘-एस’ऐवजी नुसता ‘स’ आहे, पण काम तेच, मार्तिमचा. सिमॉइस हा सिमांवचा. स्पॅनिश रुईझ हा रुईचा, आणि रुई हे रोद्रिगोचंच लाडकं रूप, म्हणजे रुईझ आणि रोद्रिगेझ एकाच नावाची दोन पोरं. चित्रकार पिकासोचं वडिलांकडचं आडनाव रुईझच होतं, पिकासो आईकडचं. फर्नांदेझ-एर्नांदेझ पण एकच, स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ बऱ्याच ठिकाणी गेला त्याचा हा परिणाम.

१३. गार्सियाला ‘-एस’ का नाही?

कारण ते बापाचं नाव प्रत्यय न लावता तसंच ठेवलेलं आहे, जसं आपण मधल्या नावात ‘चा’ लावत नाही. गार्सिया हे मुळात माणसाचं नाव. १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता, त्यांचं ते पहिलं नाव. प्रत्यय लावलेलं रूप गार्सेस/गार्सेझ पण आहे, पण कमी दिसतं. आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, जे १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संत झाले, त्यांची दोन्ही नावं या गोष्टीतलीच. गोन्सालोवरून गोन्साल्विस होतं.

१४. मग शेवटी ‘एस’ किंवा ‘एझ’ आलं की समजायचं का हाच प्रत्यय?

नाही, इथे भरपूर फसायला होतं. मिनेझिस घ्या, गोव्यात किती मिनेझिस आहेत, सगळे समजतात मेंडिससारखंच असेल. मेंडिस खरोखर मेंदोचा, पण मिनेझिस हे उत्तर स्पेनमधल्या मेनेसेस गावावरून. तोर्रेस म्हणजे बुरूज, अनेकवचन. मोरालेस म्हणजे तुतीची झाडं. रेयेस म्हणजे राजे. कोर्तेस, ज्याने मेक्सिको घेतला, त्यात जोर शेवटच्या ‘तेस’वर आहे आणि अर्थ शिष्ट, दरबारी रीतीचा. जोर बघणं ही चांगली खूण आहे, आपल्या प्रत्ययावर सहसा जोर पडत नाही.

साध्या शब्दांतला ‘-एझ’ तर वेगळाच. वेखेझ म्हणजे म्हातारपण, निन्येझ म्हणजे बालपण, तो भाववाचक प्रत्यय, आपल्या ‘पण’सारखा, लॅटिनच्या दुसऱ्याच प्रत्ययातून आलेला. आणि बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये आखेद्रेझ म्हणतात, त्यात प्रत्ययच नाही, तो संस्कृत चतुरंग शब्द फारसी-अरबी करत तिथे पोचलाय.

१५. इटालियन, फ्रेंच, रोमेनियनमध्ये असं काही आहे का?

हा प्रत्यय फक्त आयबेरियातला, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातला. पूर्व स्पेनच्या कातालान बोलणाऱ्या भागात पेरिस, लोपिस अशी रूपं आहेत (लोपिस! अगदी वसईसारखं ऐकू येतं). इटलीत बाप दाखवायला ‘दी’ लावतात. रोमेनियनमध्ये ‘-एस्कू’ आहे, पोपेस्कू म्हणजे पाद्रीचा, पण तो वेगळ्या मुळाचा.

१६. अशी आडनावं स्पेनमध्ये जास्त की पोर्तुगालमध्ये?

स्पेनमध्ये. तिथे एक नंबरला गार्सिया, आणि त्याच्या मागे रोद्रिगेझ, गोन्झालेझ, फर्नांदेझ, लोपेझ, मार्तिनेझ, सांचेझ, पेरेझ अशी सलग रांग. पोर्तुगालमध्ये सिल्वा पुढे आहे, तिथे जागा-झाडांची नावं जोरात.

१७. दोन फर्नांडिस भेटले तर ते भावकी असतात का? लग्न जमवताना घरचे अडवतायत.

आडनावावरून तर अजिबात नाही. फर्नांदो नावाचे बाप हजारो होते आणि प्रत्येकाची पोरं फर्नांदेस झाली, आणि आपल्याकडे तर एकेका धर्मपित्याचं नाव एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांना मिळालं (प्रश्न १०). नातं आहे की नाही हे बघायचंच असेल तर दोन्ही घरांचे चर्चमधले बाप्तिस्म्याचे दाखले मागा, त्यात आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता दोन्हींची नावं असतात, आणि दोन्हीकडून तीन-चार पिढ्या मागे जा. आमच्याकडे बहिणीच्या वेळी असंच केलं होतं, लोपीस-लोपीस होतं ते पण. चार पिढ्यांत एकही नाव जुळलं नाही, आणि लग्न झालं.